रुसलेल्या संगणकाची नाडीपरीक्षा

रावेर-यावलच्या केळीच्या बागेतला विजेचा पंप सुरू झाला नाही, तर शेतकरी लगेच मोटार खोलून बसत नाही. आधी तो पेटीवरचे दिवे पाहतो: तिन्ही फेज आहेत ना? मग फ्यूज, मग स्टार्टर आणि सर्वांत शेवटी मोटार. घरातला संगणक बंद पडला की मात्र हे शहाणपण आपण विसरतो. ‘बोर्ड गेला’ किंवा ‘डिस्क पुसून सारे पुन्हा भरावे लागेल’ असे कोणी सांगितले की आपण मान डोलावतो. त्यात कधी घरचे पैसे जातात, तर कधी वर्षभर राबून केलेला प्रकल्प जातो. पुष्कळदा खरा दोष असतो तो कोणीतरी बदललेल्या एखाद्या सेटिंगचा! तो कसा शोधायचा, हे आज पाहू.

बटण दाबताच वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरातल्या २३० व्होल्ट विजेपासून १२, ५ व ३.३ व्होल्टचे दाब तयार करते. ते स्थिर झाले की प्रोसेसर जागा होतो. पण या वेळी रॅम ही त्याची स्मृती कोरी पाटी असते. वीज गेली की तिच्यावरचे सारे पुसले जाते. मग पहिली आज्ञा येते कोठून? मदरबोर्डवरील एका चिपमध्ये वीज नसतानाही टिकून राहणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला बायोस म्हणतात. नव्या संगणकांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. हा प्रोग्राम रॅम, पडदा, कीबोर्ड यांची हजेरी घेतो, मग डिस्क शोधतो आणि तिच्यावरील मुख्य प्रणाली रॅममध्ये आणायला सुरुवात करतो. यालाच ‘बूट होणे’ म्हणतात.

रॅम किती वेगाने चालवायची, आधी कोणत्या डिस्ककडे पाहायचे, हे या प्रोग्रामला कोण सांगते? १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये त्यासाठी बोर्डवर चिमुकले स्विच होते. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एक चिप आली. तिच्यात घड्याळ आणि ६४ बाइटची स्मृती होती. १४ बाइट घड्याळाच्या कामाला आणि ५० इतर नोंदींना. संगणक बंद असताना तिला एक छोटा विद्युत्घट जिवंत ठेवी. आजही बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा जो चपटा घट दिसतो, तो याच कामाचा. बहुधा तो सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो.

या घटाचे आयुष्य आपणच काढू. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर-तास. घड्याळाला ५ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर २,२०,००० भागिले ५ म्हणजे ४४,००० तास, अर्थात सुमारे पाच वर्षे. भिंतीवरचे बटण चालू असेल, तर हे काम एसएमपीएसकडून येणाऱ्या विजेवर होते आणि घटाला विश्रांती मिळते. म्हणून सुटीभर गुंडाळून ठेवलेल्या संगणकाचा घट लवकर उतरतो. मग घड्याळ जुनी तारीख दाखवते, आणि ज्या संगणकात नोंदीही या घटावरच जगतात, तेथे कोणी हात न लावता सेटिंग बदललेली आढळते!

आता नाडीपरीक्षेकडे वळू. संगणक कोणत्या पायरीवर थांबला, हे नीट पाहा. पंखाच फिरत नसेल, तर सेटिंगचा विचार मागाहून करा. आधी प्लग, वायर आणि मागचे बटण तपासा. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो किंवा बीप असे सूर येतात, तर हजेरीतच कोणी नापास झाले आहे. रॅमचा वेग किंवा प्रोसेसरचा दाब नुकताच वाढवला असेल, तर पहिला संशय त्यावर घ्या. बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसते, पण ‘डिस्क सापडत नाही’ असा संदेश येतो, तेव्हा आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढा. मग डिस्कचा क्रम आणि तिची एएचसीआय, आयडीई किंवा रेड ही पद्धत पूर्वीसारखी आहे का, ते पाहा. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ही सेटिंग नुसती बदलल्याने डिस्कवरील माहिती पुसली जात नाही. ती पुसली जाते घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे!

संगणक सुरू होऊन काही मिनिटांत बंद पडतो, तेव्हा उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता साधारणपणे वेग गुणिले दाबाचा वर्ग या प्रमाणात वाढते. दोन्ही दहा टक्के वाढवले, तर १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट उष्णता! पूर्वी प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर आता ६० अंशांनी तापेल. खोली २५ अंशांची असेल तर तो ८५ वर राहील. पण जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर गेली, तर तो १०० ला टेकेल. तेथे बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात किंवा काम थांबवतात. दिवाळीत चाललेली सेटिंग उन्हाळ्यात का रुसते, ते यावरून कळेल.

सेटिंग मूळ स्थितीला आणायची असेल, तर मोठ्यांच्या देखत असे करा. प्लग काढा. चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डवरील उरलेला विद्युत्भार निघून जाईल. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर विद्युत् साठते, म्हणून आधी पेटीच्या धातूच्या भागाला हात लावा. मग पुस्तिकेत दाखवलेल्या दोन टोकांवर जंपर काही सेकंद ठेवून पुन्हा जागेवर बसवा. ती सोय नसेल, तर घट काढून पाच-दहा मिनिटे थांबा. मात्र नव्या बोर्डवर नोंदी अनेकदा फ्लॅश स्मृतीत असतात. तेथे नुसता घट काढून भागत नाही. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. २३० ला १.४१ ने गुणले की सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि प्लग काढल्यावरही तेवढा दाब आतील धारित्रात काही काळ राहू शकतो.

आणखी एक सावधगिरी. काही नव्या संगणकांत डिस्कवरील माहिती बिटलॉकरने कुलूपबंद असते. सेटिंग बदलली की तो ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती आधीच वहीत उतरवून ठेवा.

प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. चालू संगणकावर एक प्रयोग करून पाहा. सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून सेटिंगच्या पानावर जा. तेथे प्रोसेसरचे तापमान दिसत असेल, तर सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता ते टिपून घ्या आणि काहीही न बदलता बाहेर या. दोन तापमानांतला फरक खोलीच्या तापमानातील फरकाएवढाच येतो का? नसेल, तर का?