नऊ डिसेंबर, डोंबिवली पूर्व

‘प्लेगने नाही गेले ते.’

पहिल्या रांगेतून कर्नल हे इतक्या खणखणीत आवाजात म्हणतात की लॅपटॉपपाशी बसलेला मुलगा दचकून सिनेमाच थांबवतो. भिंतीवर ताणलेल्या चादरीवर व्ही. शांताराम डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या वेशात जागच्या जागी थबकतात. कर्नल मागे वळून हात हलवतात. ‘चालू दे रे, चालू दे. नंतर बोलू.’

टिळकनगरातल्या एका सोसायटीचा हॉल. डॉक्टरांच्या स्मृतिदिनी इथल्या ज्येष्ठ नागरिकांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ लावला आहे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पंचवीस-तीस माणसं आहेत, बहुतेकांच्या गळ्यात मफलर. सिनेमा १९४६चा, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर बेतलेला. शांताराम दिग्दर्शकही आणि नायकही, जयश्री चिनी पेहरावात चिंग लान झालेल्या, संगीत वसंत देसाईंचं. आवाज मधूनच खरखरतो, पण कुणाची तक्रार नाही. पडद्यावरच्या कोटणीसांना प्लेग झाला आहे आणि माझ्या शेजारच्या मावशींनी पदर डोळ्यांना लावला आहे.

दार हळूच उघडून एक मुलगी आत येते. पाठीवर सॅक, गळ्यात अजून हॉस्पिटलचं ओळखपत्र. सोसायटीतलीच आहे, केईएममध्ये रेसिडेंट डॉक्टर. ड्यूटी संपवून दादरला जलद लोकल पकडून थेट इथे आली असावी. शेवटच्या रांगेत बसते आणि पाच मिनिटांत भिंतीला डोकं टेकून झोपते. तिला कुणी उठवत नाही.

सिनेमा संपतो. दिवे लागल्यावर सगळे एकमेकांकडे न बघता चष्मे पुसतात. चहाचे कागदी कप फिरू लागतात आणि कर्नल उठून उभे राहतात. ऐंशी कधीच ओलांडली आहे. कल्याणला राहतात, सैन्याच्या वैद्यकीय सेवेत सर्जन होते. इथे त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही, सगळ्यांचे ते कर्नल. हातात कागद नाही. सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०, मुंबईचं जी. एस. मेडिकल कॉलेज, हे सगळं ते दोन वाक्यांत उरकतात. मग १९३८ सालावर येऊन थांबतात.

जपानने चीनवर चाल केलेली आहे. सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले आहेत, सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. देशभरातून बावीस हजार रुपये जमतात आणि पाच डॉक्टर निघतात: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस. ‘तेव्हा पोरगा पुढच्या परीक्षेची तयारी करत होता,’ कर्नल म्हणतात. ‘वय सत्तावीस. आपण या वयात क्लिनिकसाठी गाळा शोधतो.’

१ सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटते. पुढे चुंगकिंगला असताना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी येते. इथे कर्नल चहाचा घोट घेतात. ‘परत फिरायला याहून मोठं कारण लागत नाही,’ ते म्हणतात. ‘कुणी बोट दाखवलं नसतं. तो पुढे यानानला गेला, १९३९च्या फेब्रुवारीत. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत दाखल झाला. बाकीचे चौघेही चांगलं काम करून परतले, एकेक करून. त्यांना कमी लेखू नका. हा मात्र राहिला.’

मागची मुलगी जागी झाली आहे. केस सारखे करत ती ऐकते आहे.

यापुढचं कर्नल जे सांगतात ते सिनेमात नाही. ते रिकामा कप खुर्चीवर ठेवतात, डावा हात आडवा धरतात आणि त्याच्यावर उजव्या हाताच्या बोटाने जखम आखतात. गोळी अशी आत शिरते. बाहेरून भोक बोटाएवढं, आत मांस फाटलेलं, त्यात मातीही गेलेली, कपड्याची चिंधीही. नवखा डॉक्टर काय करतो? साफ करतो आणि शिवून टाकतो. ‘शिवली की मेला,’ कर्नल म्हणतात. ‘मेलेलं मांस कापून काढायचं, रक्त येईपर्यंत कापायचं, जखम उघडी ठेवायची, गॉज भरायचं आणि पुढच्या जखमीकडे वळायचं. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर शिवायची. हे पुस्तकात वाचून हातात येत नाही. याला माणसं लागतात, एकामागोमाग एक.’

कोटणीस पोचले त्या वुताईच्या डोंगराळ मुलखात पेनिसिलिन नाही. भूल द्यायच्या औषधाची चणचण. शेतकऱ्याचं घर नाहीतर एखादं देऊळ, तेच ऑपरेशन थिएटर. त्याच भागात १९३९च्या नोव्हेंबरात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून गेले होते. ऑपरेशन करताना बोट कापलं आणि रक्तात विष भिनलं. १९४०च्या मोठ्या लढाईत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमी हाताळले आणि त्यात एकदा सलग बहात्तर तास झोपले नाहीत. १९४१च्या जानेवारीत बेथून यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले.

‘बहात्तर?’ मागून आवाज येतो. रेसिडेंट मुलगी. ‘आमची ड्यूटी छत्तीसच्या पुढे गेली तर सह्या करताना हात थरथरतो, सर.’

‘माझाही थरथरायचा, बाळ.’

कुणीतरी खुर्ची पुढे सरकवतं. ती पहिल्या रांगेत येऊन बसते.

‘आता प्लेगचं,’ कर्नल म्हणतात. ‘सिनेमात त्यांना प्लेग होतो. तसं काही झालेलं नव्हतं. त्यांना फिट यायच्या. अपस्मार. त्यातच ते गेले, ९ डिसेंबर १९४२ला. वय बत्तीस.’

हॉल एकदम गप्प होतो. मेलेल्या मांसाबद्दल ऐकताना कुणी हललं नव्हतं. ‘फिट’ म्हटल्यावर मात्र दोघी-तिघी खाली बघतात, एक काका घसा खाकरतात. मला या गप्प होण्याचा अर्थ लगेच कळतो, कारण तो आमच्याही घरात होता. कल्याणच्या आनंदीबाई जोशी क्षयाने गेल्या हे आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. क्षयाला आपण हळवं केलं, प्लेगला शूर केलं. फिटचं काय करायचं ते आपल्याला अजून उमगलेलं नाही. मुलीचं स्थळ बघताना ती लपवतात, नोकरीच्या अर्जात लपवतात, चाळीत दार लावून घेतात. शांतारामांच्या सिनेमावर माझा राग नाही. त्या सिनेमाने कोटणीस घराघरांत पोचवले. पण आज वाटतं, पडद्यावर तो माणूस एकदा जरी जमिनीवर पडून पुन्हा उठला असता आणि हात धुऊन ऑपरेशनला उभा राहिला असता, तर कितीतरी घरांत दार उघडं राहिलं असतं.

‘म्हणजे त्यांना फिट यायच्या,’ शेजारच्या मावशी सावकाश म्हणतात, ‘आणि तरी ते ऑपरेशन करायचे?’

‘करायचे. शिकवायचेसुद्धा, तेही चिनी भाषेत. सर्जरीचं एक पुस्तक पूर्ण केलं, दुसरं अर्धं राहिलं. विश्रांती घ्या, इथून बाहेर पडा, असं सांगूनही झालं. ते हलले नाहीत.’ कर्नल क्षणभर थांबतात. ‘मावशी, खरं सांगू? माझ्या युनिटमध्ये असा सर्जन असता तर मी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली असती. पेशंटसाठी आणि त्याच्यासाठीही. पण तिथे सुरी काढून घेतली तर ती द्यायची कुणाला? दुसरा हात नव्हता.’

‘सर, फिटवरचं गार्डिनल नव्हतं का तेव्हा?’ मुलगी विचारते.

‘जगात होतं. १९१२पासून. पण तो मुलूख वेढलेला. एकीकडे जपानी सैन्य, दुसरीकडे चीनच्याच चँग कै शेकची नाकेबंदी. औषध चोरवाटेने यायचं, आणि यायचं ते आधी जखमींसाठी.’

मग प्रश्न सुरू होतात. बायकोचं काय झालं, मुलाचं काय झालं. सिनेमातली चिंग लान म्हणजे खऱ्या कुओ चिंगलान, नर्सिंग शिकवणाऱ्या. १९४१च्या अखेरीस लग्न, १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा. नाव यिनहुआ, त्यात भारतही आणि चीनही. बाप गेला तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा. तोही पुढे डॉक्टरकी शिकत होता, चोविशीत गेला. हे ऐकून मावशी ‘अगं बाई’ म्हणतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. कुओ चिंगलान मात्र सोलापूर-मुंबईचं सासर विसरल्या नाहीत, अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ साली, नव्वदी पार करून, त्या गेल्या. कोटणीसांची समाधी शिज्याच्वांगच्या हुतात्मा उद्यानात आहे, लोक आजही तिथे फुलं वाहतात. मागून एक आजोबा सांगतात की सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालंय, जाऊन या सगळे, सिद्धेश्वर एक्स्प्रेस कल्याणला थांबते.

मुलगा वायरी गुंडाळू लागला आहे. खुर्च्या एकात एक चढतात. कर्नलना कल्याणला सोडायला कुणीतरी गाडी आणायला गेलं आहे. मी चादर उतरवायला मदत करते आहे, तेवढ्यात मावशी त्या मुलीपाशी जाताना दिसतात. आधी इकडेतिकडे बघतात. मग बघणं सोडून देतात आणि सरळ, हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात:

‘माझ्या नातवाला फिट येतात गं. अकरावीत आहे. तुमच्याकडे दाखवता येईल का?’

‘या ना मावशी. आधी केस पेपर काढावा लागेल, त्याची रांग मोठी असते, म्हणून लवकर निघा. जुने रिपोर्ट सगळे आणा, एमआरआय झाला असेल तर तोही. फिट आली की तो कसा पडतो, किती वेळ असते, ते कुणीतरी मोबाइलवर घेऊन ठेवा, त्याचा फार उपयोग होतो.’

‘व्हिडिओ काढायचा? त्याचा?’

‘हो. लाजायचं काय त्यात? आणि गोळ्या चालू आहेत ना?’

‘आता सहा महिन्यांत आली नाही, म्हणून सून म्हणाली बंद करूया.’

‘नाही, नाही, मावशी,’ मुलगी सॅक खाली ठेवून पेन काढते. ‘मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत. मला आधी गोळीचं नाव सांगा.’