कोळ्याचं उष्टं, झाडाचं अन्न

चिखली-मेहकर भागात तूर फुलावर आली की कधी कधी एखादी मधमाशी फुलाला चिकटून बसलेली दिसते. जवळ गेलं तरी उडत नाही. अशा वेळी वाकून पाकळीआड बघावं. तिची मान धरून तिथे खेकडा कोळी बसलेला असतो, पांढरा किंवा पिवळा, माशीपेक्षाही लहान.

हा शिकारीसाठी जाळं विणत नाही. पुढचे लांब पाय खेकड्यासारखे फाकवून तो फुलावर दबा धरतो. माशी टप्प्यात आली की पाय मिटतात, मानेशी दंश होतो आणि माशी लुळी पडते. मग तो तिच्यात पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो. भक्ष्य चावून भुगा करण्याजोगे दात त्याच्या जबड्याला नसतात. म्हणून माशीचं कवच जवळपास अखंड राहतं आणि पोट भरलं की तो ते टाकून देतो. तुरीत ते मातीला मिळतं.

सिंगापूरच्या घटपर्णी या कीटकभक्षी झाडावर मात्र या टाकलेल्या कवचाला फार मोल आहे. फुलांवरचे असे कोळी बहुतेक थॉमिसस प्रजातीचे असतात. त्याच प्रजातीतला थॉमिसस नेपेंथिफिलस घटपर्णीच्या घटात राहतो. घटपर्णी आपल्याकडे उगवत नाही. भारतात तिची एकच जाती आहे, तीही मेघालयाच्या डोंगरांत. नत्र कमी असलेल्या जमिनीत ती वाढते आणि ती उणीव कीटकांवर भागवते. पानाच्या टोकाला घट लोंबतो. त्याच्या काठावर मधुरस, आतली भिंत निसरडी, तळाशी पाचक द्रव.

याच भिंतीवर, काठाच्या जरा खाली, कोळी स्वतःच्या धाग्यांच्या आधाराने टिकून राहतो. धोका वाटला की धागा न सोडता द्रवात उडी घेतो आणि नंतर त्याच धाग्याने वर चढतो. किड्यांना जिरवणाऱ्या द्रवातून हा जिवंत बाहेर येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मधुरसाला आलेले सगळेच किडे घसरत नाहीत. माशा तर सहज उडून जातात. कोळी त्यांना धरतो, शोषतो आणि उरलेलं खाली द्रवात टाकतो. त्या उष्ट्यात नत्र शिल्लक असतं. सिंगापूरचे संशोधक वेंग न्गाई लाम आणि ह्यू टॅन यांनी 2019 मध्ये दाखवलं, की या सोबतीत झाडाचा लाभ भक्ष्य कसलं आहे त्यावर ठरतो. जी मुंगी एरवीही घटात पडलीच असती, तिच्यातला कोळ्याचा वाटा हा झाडाचा तोटा. पण उडून जाणारी मोठी माशी कोळ्यावाचून घटात पडलीच नसती; तिचं उष्टंही झाडाला निव्वळ मिळकत.