चकित करणारी पात्रे

तुमच्यापैकी अनेकांना गोष्ट लिहावीशी वाटते. पण आपल्या गोष्टीतला राजा नेहमी शूर असतो आणि सावत्र आई नेहमी दुष्ट असते. असे पात्र पुढे काय करणार, हे वाचकाला आधीच कळते. मग गोष्ट वाचण्यात गंमत राहत नाही. वाचकाला चकित करणारे पात्र कसे तयार करावे, हे आपण दोन प्रसिद्ध कथांवरून पाहू या.

पहिली कथा प्रेमचंद यांची 'ईदगाह'. हामिद हा चार-पाच वर्षांचा पोरका मुलगा. ईदच्या मेळ्यात त्याच्याजवळ फक्त तीन पैसे असतात. त्याचे सोबती खेळणी आणि मिठाई घेतात. हामिद मात्र आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो. एवढासा मुलगा आणि चिमटा! आपण चकित होतो. पण रोट्या भाजताना आजीची बोटे भाजतात, हे त्याला ठाऊक असते. शिवाय घरातून निघताना त्यानेच आजीला धीर दिलेला असतो. म्हणजे लेखकाने बी आधीच पेरले होते. खेळणी पाहून हामिदलाही मोह होतो. म्हणूनच तो आपल्याला खरा वाटतो.

दुसरी कथा रवींद्रनाथ टागोर यांची 'काबुलीवाला'. ही कथा १८९२ सालची आहे. धिप्पाड रहमत खांद्यावर झोळी घेऊन सुकामेवा विकतो. त्याच्या झोळीत मुले असतात, असे समजून लहानगी मिनी त्याला घाबरते. कथेच्या शेवटी रहमत आपल्या छातीजवळून एक कागद काढतो. त्यावर त्याच्या दूरदेशी असलेल्या मुलीच्या इवल्याशा हाताचा ठसा असतो. तो मिनीला बदाम-मनुका का देत असे, हे आपल्याला तेव्हा उमगते.

आता तुम्ही प्रयत्न करा. समजा, तुमच्या गोष्टीत एक चिडके दुकानदार चाचा आहेत. ते मुलांवर सारखे ओरडतात. शेवटी त्यांनी एकदम सर्वांना फुकट मिठाई वाटली, तर वाचकाला ते पटणार नाही. म्हणून सुरुवातीलाच एक छोटीशी खूण ठेवा. दुकान बंद झाल्यावरही चाचा बाहेरचा दिवा चालू ठेवतात, एवढेच लिहा. कारण सांगू नका. समोरच्या घरात वीज नाही आणि तिथला मुलगा त्या दिव्याखाली अभ्यास करतो, हे शेवटी कळू द्या. 'चाचा दयाळू होते' असे लिहिण्याची गरजच पडणार नाही.

वाचकाने आधी 'अरे!' म्हणावे आणि मग 'बरोबर आहे' म्हणावे. असे पात्र लिहायचे, तर आजूबाजूच्या माणसांकडे नीट पाहावे लागते. मिनीप्रमाणे आपणही कित्येकांना फक्त त्यांच्या झोळीवरून ओळखत असतो. झोळीमागचा माणूस दिसला, की गोष्ट सापडते.