ब्राझीलमधील ईस्टर

ब्राझीलमधील ईस्टर (पोर्तुगीज: पास्कोआ) हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या स्मरणार्थ साजरा होणारा ख्रिस्ती सण आहे. पाम संडेपासून ईस्टर रविवारपर्यंतच्या आठवड्यास तेथे 'सेमाना सांता', म्हणजे पवित्र सप्ताह, म्हणतात. पोर्तुगीज वसाहतकाळात रुजलेल्या या परंपरेत पुढे आफ्रिकी, इटालियन, जर्मन व युक्रेनियन समाजांच्या चालीरीती मिसळल्या.

काळ व सुट्टी

ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या काळातील एका रविवारी येतो. युरोपात हा वसंतातील सण आहे. ब्राझीलचा बहुतांश भाग दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे तो शरद ऋतूत येतो. कार्निव्हलची तारीखही ईस्टरवरूनच ठरते. त्याचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी असतो. गुड फ्रायडेला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, ईस्टर सोमवारी मात्र नसते.

मिरवणुका

गोयास या जुन्या शहरात पवित्र बुधवारच्या मध्यरात्री 'फोगारेउ' मिरवणूक निघते. रस्त्यांवरील दिवे मालवले जातात आणि ढोलांच्या ठेक्यावर मशालधारी 'फारिकोकु' अनवाणी चालू लागतात. ते येशूला पकडण्यास निघालेल्या रोमन सैनिकांचे प्रतीक असतात. त्यांच्या उंच, टोकदार, चेहरा झाकणाऱ्या टोप्यांचे मूळ स्पेन व पोर्तुगालमधील प्रायश्चित्तकर्त्यांच्या पोशाखात आहे. अटकेच्या प्रसंगी येशूची भूमिका कोणी नट करीत नाही. त्याच्या जागी चित्रित ध्वज असतो.

मिनास जेराइस राज्यातील ओरू प्रेतू येथे शनिवारी रात्रभर नागरिक रंगीत लाकडी भुसा, फुले व वाळू यांचे गालिचे रस्त्यांवर रेखतात. रविवारी सकाळची मिरवणूक त्यांवरूनच जाते आणि रात्रभराची कलाकृती काही वेळातच पुसली जाते. याच राज्यातील साओ जोआओ देल-रेइ हे शहर घंटानादासाठी प्रसिद्ध आहे. गुरुवारच्या मिस्सानंतर तेथील घंटा मूक होतात व पुनरुत्थानाच्या विधीपर्यंत त्यांऐवजी 'मात्राका' हे लाकडी वाद्य खडखडवले जाते. मिनास जेराइसमधील घंटावादनाची २००९ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारसा म्हणून नोंद झाली.

येशूच्या क्रूसमार्गाचे स्मरण करणारी 'पासोस' मिरवणूक ब्राझीलप्रमाणे गोव्यातही आढळते. दोन्हीकडे ती पोर्तुगीज राजवटीसोबत आली.

नाट्यप्रयोग

पर्नांबुको राज्यातील नोव्हा जेरुसालेम हे दगडी तटबंदीचे भव्य खुले नाट्यगृह १९६८ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी १९५१ पासून जवळच्या फाझेंडा नोव्हा गावाच्या रस्त्यांवर येशूच्या दुःखसहनाचे नाट्य होत असे. नाट्यगृहात नऊ रंगमंच असून प्रेक्षक नटांच्या मागोमाग एका रंगमंचाकडून दुसऱ्याकडे चालत जातात.

जुडासचे दहन

पवित्र शनिवारी येशूशी विश्वासघात करणाऱ्या जुडासचा पुतळा बडवून जाळण्याची किंवा फोडण्याची लोकप्रथा आहे. फ्रेंच चित्रकार झां-बातिस्त देब्रे याने १९ व्या शतकात तिचे चित्रण केले. पुतळ्यास अनेकदा लोकांच्या रोषास पात्र ठरलेल्या राजकारण्याचे रूप दिले जाते. त्यामुळे धार्मिक प्रथेस राजकीय उपहासाची धार येते.

खाद्यपदार्थ

गुड फ्रायडेला मांस वर्ज्य असल्याने खारवलेल्या कॉड माशाचे (बाकल्याउ) पदार्थ केले जातात. बाईया राज्यात त्या दिवशी पाम तेलातील वातापा, कारुरू व मोकेका हे आफ्रो-ब्राझिलियन पदार्थ असतात. चॉकलेटची अंडी सर्वत्र भेट दिली जातात. सुपरमार्केटमध्ये ती द्राक्षांच्या मांडवासारखी डोक्यावर टांगलेली दिसतात. पाराना राज्यातील युक्रेनियन वंशाचे लोक मेणाच्या साहाय्याने 'पिसांका' अंडी रंगवतात. सांता कातारिनातील पोमेरोदे येथे जर्मन रिवाजानुसार झाडे अंड्यांनी सजवतात.

प्रवास

गुड फ्रायडेला जोडून शनिवार-रविवार येत असल्याने अनेकजण समुद्रकिनारी अथवा गावी जातात व महामार्गांवर कोंडी होते. रियो ग्रांदे दो सुलमधील ग्रामादो हे थंड हवेचे ठिकाण चॉकलेटसाठी लोकप्रिय आहे.

बदलते स्वरूप

२०२२ च्या जनगणनेनुसार १० वर्षे व त्यावरील लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण ५६.७ टक्के, तर इव्हँजेलिकलांचे २६.९ टक्के होते. इव्हँजेलिकल पंथ ईस्टर पाळतात. परंतु मूर्तींच्या मिरवणुका त्यांना मान्य नाहीत. दुसरीकडे पर्यटनामुळे मिरवणुकांना प्रेक्षक व अर्थसाहाय्य मिळते, मात्र उपासनेचे रूपांतर केवळ देखाव्यात होण्याचा धोकाही असतो. रात्रभर जागून गालिचे रेखणारे व मशाली वाहणारे स्थानिक लोक पुढील पिढीतही मिळत राहणे, यावरच या परंपरांचे सातत्य अवलंबून आहे.