ऑफिस, सिलॅबसबाहेरचं

संध्याकाळचे सहा वाजलेत. तुमचं काम साडेपाचलाच संपलंय. तुम्ही बॅग भरायला घेता आणि लक्षात येतं की आख्ख्या फ्लोअरवर कुणी जागचं हललेलंच नाही. शेजारचा एक्सेलची तीच शीट वर-खाली करतोय, पलीकडची डेस्कखाली मोबाइल धरून रील्स बघतेय. सगळ्यांचा एक डोळा सरांच्या केबिनवर. जॉइनिंगच्या दिवशी एचआरने मेल केलेल्या पीडीएफमध्ये ऑफिस सहाला सुटतं असं स्पष्ट लिहिलंय. सर उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही, हे मात्र त्यात कुठेच नाही. तसं सांगायलाही कुणी येत नाही. दोन दिवसांत आपणच बॅग परत खाली ठेवतो.

माणसं कामाच्या ठिकाणी अशी का वागतात, यावर एक आख्खा पेपर असतो. बीएमएस, बीबीएवाल्या मित्रमैत्रिणींना विचारा. ऑर्गनायझेशनल बिहेव्हिअर, लाडाने 'ओबी'. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायचा आणि पेपर झाला की विसरायचा विषय, अशी त्याची ख्याती. पण त्यातली एक गोष्ट नीट वाचली, तर पहिल्या नोकरीआधी वाचायलाच हवी होती असं वाटतं.

गोष्ट अमेरिकेतली. शिकागोजवळच्या सिसेरो गावात वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा अवाढव्य कारखाना होता. टेलिफोनचं साहित्य बनायचं आणि हजारो माणसं कामाला होती. तेव्हा मॅनेजमेंटच्या जगात फ्रेडरिक टेलर यांचा दबदबा होता. १९११च्या त्यांच्या पुस्तकाचा सूर असा, की कामाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून मोजा, आणि जास्त कामाला जास्त पैसे द्या. या हिशोबात माणूस म्हणजे यंत्राचाच एक भाग.

हॉथॉर्नमध्ये १९२४ला प्रयोग सुरू झाले तेही असल्याच साध्या प्रश्नाने. दिवे वाढवले तर काम वाढतं का? उत्तर काही धड मिळेना. मग एप्रिल १९२७मध्ये सहा मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं. टेलिफोनचे रिले जोडायचं काम. पाच जणी जोडायच्या, एक सुटे भाग पुरवायची. बहुतेकजणी साधारण तुमच्या-माझ्याच वयाच्या. त्यांना मध्ये सुट्टी देऊन बघितली, खायला देऊन बघितलं, कामाचे तास कमी करून बघितले. काम वाढत गेलं. मग सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी काम फारसं उतरलं नाही! हार्वर्डचे एल्टन मेयो यांनी यातून जे मांडलं ते जगभर गाजलं. माणूस फक्त पगारासाठी राबत नाही, त्याला आपली दखल घेतली जावी असं वाटतं. पुढे १९५८मध्ये हेन्री लँड्सबर्गर यांनी 'हॉथॉर्न इफेक्ट' हा शब्द वापरला आणि मोटिव्हेशनल स्पीकर्सची कायमची सोय झाली.

नोट्समध्ये गोष्ट इथे संपते. मला मात्र त्याच खोलीत घडलेली एक बारीकशी घटना जास्त महत्त्वाची वाटते. जानेवारी १९२८मध्ये त्या पाचांपैकी दोघींना खोलीतून काढलं. कारण? फार बोलतात, सहकार्य करत नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्यातल्या एकीवर घर चालवायची जबाबदारी आली होती, ती स्वतः झपाट्याने काम करायची आणि बाकीच्यांनाही करायला लावायची. शिवाय या मुलींचा जादा मोबदला मोठ्या खात्याच्या हिशोबात न धरता त्यांच्या छोट्या गटापुरता मोजला जात होता, म्हणजे जास्त काम केलं की पैसे सरळ हातात. १९७८मध्ये फ्रँक आणि कौल या संशोधकांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा उत्पादन वाढण्यात या बदलीचा आणि पुढे आलेल्या मंदीच्या धास्तीचा मोठा वाटा दिसला. म्हणजे 'आपुलकी मिळाली म्हणून मुली खुशीत राबल्या' हे चित्र जरा जास्तच गोड आहे. 'आमच्याकडे फॅमिली वातावरण आहे' असं कुणी इंटरव्ह्यूत सांगितलं, की मला त्या दोघी आठवतात.

याच कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात १४ पुरुषांचं निरीक्षण झालं. टेलिफोन एक्स्चेंजला लागणाऱ्या टर्मिनल्सच्या जुडग्यांना तारा जोडायचं काम. जुडग्याला तिथे 'बँक' म्हणायचे, म्हणून ही बँक वायरिंग रूम. ही खोली मला अगदी आपल्या बॅकबेंचसारखी वाटते. कंपनीची स्कीम अशी की सगळ्या गटाने जास्त काम केलं तर सगळ्यांना जास्त पैसे. टेलरच्या हिशोबाने सगळ्यांनी धावत सुटायला हवं. घडलं भलतंच. दिवसाला किती काम 'बरोबर' हे त्यांनी आपसांतच ठरवून टाकलं होतं, आणि ते कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कमी होतं. त्याहून जास्त करणारा डोळ्यांत खुपायचा आणि कमी करणारा फुकट खाणारा ठरायचा. साहेबाला आतलं सांगणारा तर चहाडखोर. कुणी फारच जोर लावला, की दुसरा येऊन त्याच्या दंडावर एक गुद्दा हाणायचा. या गुद्द्याला त्यांचा खास शब्द होता, 'बिंगिंग'. (ओटीटीवर सीरिज संपवण्याशी याचा संबंध नाही.) एखाद्या दिवशी काम जास्त झालंच, तर ते पूर्ण दाखवायचं नाही, हळू दिवसासाठी राखून ठेवायचं.

हे लोक आळशी होते का? अजिबात नाही. त्यांच्या बुद्धीच्या आणि हाताच्या चपळाईच्या चाचण्या घेतल्या, तर त्यांचा कामाच्या आकड्याशी मेळच बसेना. कोण किती काम करणार हे त्याच्या कुवतीपेक्षा तो खोलीतल्या कुठल्या कंपूत आहे यावर ठरत होतं. आणि त्यांची भीती साधी होती. आपण जास्त केलं की कंपनी दर कमी करेल, नाहीतर कुणाला तरी घरी बसवेल. बाहेर महामंदी चालू होती. आपल्यातल्या सगळ्यात हळू माणसाची नोकरी वाचवायची तर सगळ्यांनीच बेताने चालायचं. वरून कामचुकारपणा दिसतो, आतून पाहिलं तर तो एकमेकांना सांभाळायचा मार्ग होता.

आता तुमच्या पहिल्या ऑफिसात बघा. गुद्दा कुणी मारणार नाही. 'अरे वा, आज फार लवकर सबमिट केलंस!' असं हसत म्हटलं जाईल, किंवा चहाला जाताना तुम्हाला हाक मारायची राहून जाईल. नव्या मुला-मुलीला हे बरोबर कळतं.

गटाचा दबाव वाईटच असतो असंही नाही. मुंबईचे डबेवाले घ्या. १८९०पासूनचं काम, माणसं बहुतांश मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली. मुकादमाच्या हाताखाली छोटा गट, कमाई एकत्र, खर्च वजा जाऊन वाटा सारखा. दांडी मारायची तर आधी सांगायचं, टोपी नसली तर दंड, कामावर दारू प्यायली तर दंड. एकाने उशीर केला तर पुढच्याची लोकल चुकते, त्यामुळे डोक्यावर सुपरवायझर लागत नाही, गटच बघून घेतो. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये यावर केस स्टडी केली. लॉकडाऊन आणि वर्क फ्रॉम होमनंतर हा व्यवसाय आक्रसला, पण मुद्दा तोच. हॉथॉर्नमध्ये गटाने कामाला ब्रेक लावला, इथे गटच काम ओढतो. माझ्या मते फरक एवढाच, की इथे वाढलेल्या कामाचा पैसा कुणाकडे जातो हे प्रत्येकाला समोर दिसतं.

खरी अडचण येते ती गट गप्प बसायला लावतो तेव्हा. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषध देताना कमी चुका होत असणार, हा तिचा अंदाज. आकडे उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त! नंतर उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. बाकीच्या टीम्समध्ये नर्स घाबरून बोलत नव्हत्या. १९९९च्या पेपरात तिने याला 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं. हॉस्पिटलमध्ये गप्प बसण्याची किंमत कोण मोजतं, हे सांगायला नको.

मी आधी जिथे इंटर्न होते तिथे मीटिंगच्या शेवटी 'एनी डाउट्स?' विचारलं जायचं आणि विचारणारा तेवढ्यात लॅपटॉप मिटतही असायचा. कुणाचेच डाउट्स नसायचे. मग सगळे डाउट्स साहेब नसलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचे, रात्री अकराला. बँक वायरिंग रूम ती हीच, फक्त भिंती गेल्या.

एक गोष्ट मात्र 'इथलं कल्चरच असं आहे' या खात्यात टाकू नका. लैंगिक छळाविरोधातला २०१३चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिसनाही कर्मचारी मानतो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. समितीत कोण आहे हे जॉइन झाल्या झाल्या विचारून ठेवा. त्यात भोचकपणा काही नाही.

बाकी न लिहिलेले नियम कळायला वेळ लागतो. पहिले काही दिवस बघा, लोक प्रश्न कुणाला विचारतात, सरांना की शेजारच्याला. मीटिंगमध्ये ज्युनिअर बोलला की कुणी त्याचं वाक्य पुरं करतं की तोडतं? लवकर काम संपवणाऱ्याला शाबासकी मिळते, की दुसऱ्याचं काम? आणि इंटरव्ह्यूच्या शेवटी 'तुला काही विचारायचंय?' असं म्हणतील तेव्हा सुट्ट्या किती हे विचाराच, पण आणखी एक विचारा. 'तुमच्या टीममध्ये कुणी आपली चूक स्वतःहून सांगितली, असं शेवटचं कधी झालं? मग पुढे काय झालं?' आणि उत्तर येण्याआधी टेबलापलीकडची माणसं एकमेकांकडे बघतात का, तेवढं बघा.