सुरांची माणसं (भाग 7): गळ्याच्या मागे लागलेली पेटी

गणपतीच्या दिवसांत महाड औद्योगिक वसाहतीची पाळी सुटली, की बिरवाडीकडच्या कुठल्या ना कुठल्या घरातून पेटी ऐकू येतेच. बुवांनी ‘काळी पाच’ म्हणायचा अवकाश, वादकाचा डावा हात भात्यावर जातो. पावसाळी हवेत एखादी पट्टी फुगून दबलेलीच राहते आणि तिचा सूर नको तिथे ‘भों’ करत बसतो. वादक करंगळीने ती हळूच वर उचलतो; भजन थांबत नाही.

गेल्या आठवड्यात आपण फिलाडेल्फियाच्या जॅझवाल्या जिमी स्मिथला गोदामात सोडून आलो होतो. 1935 साली बाजारात आलेलं, चर्चवाल्यांच्या पसंतीचं हॅमंड ऑर्गन त्याने तिथे ठेवलं, पायपट्ट्यांचा नकाशा भिंतीला लावला आणि महिनोन्‌महिने रियाज केला. 1956 साली ‘ब्लू नोट’ने त्याची पहिली तबकडी काढली. डावा हात आणि पाय बासची बाजू सांभाळत, आणि उजवा हात चाले तो सॅक्सोफोनसारखा. त्याच्या कानात ऑर्गनवाल्यांपेक्षा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर जास्त होता.

दुसऱ्याचा सूर आपल्या पट्ट्यांतून काढायचं हेच वेड पन्नासेक वर्षं आधी कोल्हापूरकडच्या एका माणसाला लागलं होतं. गोविंदराव टेंबे. जन्म 5 जून 1881, सांगवडे. जॅझशी त्यांचा काडीचा संबंध नाही, तरी या मालिकेत त्यांना आणल्यावाचून राहवत नाही.

पेटीची अडचण सरळ आहे. पट्टी दाबली की आतली पितळेची जीभ थरथरते, सोडली की गप्प. ‘सा’ आणि ‘रे’ यांच्यामधली जागा पेटीत नाहीच, आणि गवई तर नेमका तिथेच रमतो. मींड पेटीवर निघत नाही, निघाल्याचा भास तेवढा करता येतो. पुढच्या सुराला आधीच्याचा कण लावायचा, एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकवायचं, आणि भाता गवयाच्या दमासारखा सोडायचा. भाता नुसता हाणणाऱ्याची पेटी कोकलते.

टेंबे पेटी शिकले ते बरंचसं आपले आपण. पण कान दिला गवयांना: भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ. त्यांची गायकी बोटांत उतरवता उतरवता, गाण्याच्या मागे बसणारी पेटी एकटीने मैफल रंगवू लागली. त्याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी दुसरा उपाय काढला. त्यांनी बावीस श्रुतींची पेटीच बनवून घेतली. हिशेब चोख होता, पण वादकांनी ती काही उचलली नाही. टेंब्यांनी यंत्राला हात न लावता बोटं बदलली, आणि व्यवहारात टिकलं ते हेच.

12 मार्च 1911 रोजी किर्लोस्कर मंडळींनी खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलं. चाली टेंब्यांच्या. पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा त्यांनी नाट्यपदांत असा मुरवला, की आजही कोकणातले भजनी बुवा त्यातल्या चालींवर अभंग बसवतात. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ चित्रपटाला (1932) संगीत त्यांचंच आणि हरिश्चंद्रही तेच.

मग 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. आक्षेप जुनाच: बारा ठरीव सूर, श्रुती नाहीत, मींड नाही. रवींद्रनाथही त्याच मताचे. आक्षेप खोटा होता असं नाही. आजही तानपुऱ्याशेजारी पेटीचा गंधार कानाला टोचतो. पण जी उणीव टेंब्यांनी उमेदीची वर्षं घालवून बोटांनी बुजवत आणली, तिच्यावरच सरकारी शिक्का बसला. वादकाचा हात कोणी विचारात घेतला नाही, फक्त वाद्य पाहिलं.

9 ऑक्टोबर 1955 रोजी टेंबे दिल्लीत वारले. बंदी सैल व्हायला 1971 साल उजाडलं.

पुढच्या आठवड्यात: गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर, आणि नाटकातला पायाचा ऑर्गन.