घरचा जुना कॉम्प्युटर: निर्णय दुकानात नको, घरी घ्या

अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर या भागांतील अनेक छोट्या धंद्यांचे ऑफिस म्हणजे राहत्या घराचा एक कोपरा. तिथे एक टेबल, टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा, वर मॉनिटर आणि बाजूला बिले काढणारा प्रिंटर. दिवसा मुले त्यावर कॉलेजचे काम करतात, रात्री दुकान बंद झाल्यावर दिवसभराची खरेदी-विक्री त्यात चढवली जाते. हा कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला असतो. कुरकुरत का होईना, चालतो. म्हणून कोणी त्याकडे लक्ष देत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर मात्र लक्ष द्यावे लागले. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सांभाळ थांबवला. तेव्हापासून बाजारात एकच वाक्य ऐकू येते, "भाई, तुमचा कॉम्प्युटर आता बंद पडणार, नवा घ्या." हे वाक्य निम्मे खरे आहे, आणि निम्मे खरे वाक्य धंद्यात फार महाग पडते.

कॉम्प्युटर बंद पडत नाही. १३ ऑक्टोबरला जसा चालत होता तसाच तो १५ ऑक्टोबरलाही चालला. थांबली ती दुरुस्ती. विंडोजमध्ये चोरांना शिरता येईल अशा फटी वरचेवर सापडतात आणि कंपनी त्या बुजवत असते. विंडोज १० मध्ये ते बुजवण्याचे काम थांबले. घरगुती वापरासाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ठेवली. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देता मिळते. मात्र कॉम्प्युटरवर विंडोज १० ची शेवटची, म्हणजे २२ एच २ ही आवृत्ती असावी लागते. ज्या कॉम्प्युटरवर फक्त जुने बिल पाहायचे किंवा पत्र टाइप करायचे, त्याला या साऱ्याने फारसा फरक पडत नाही. ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात आणि जीएसटीचे रिटर्न भरले जाते, तो मात्र अशा उघड्या अवस्थेत इंटरनेटला जोडून ठेवू नये. रात्री गाळ्याचे शटर अर्धे उघडे टाकून कोणी घरी जात नाही.

मग विंडोज ११ टाकता येईल का? येथे खरी अडचण आहे. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, किमान ४ जीबी रॅम लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलच्या कोअर मालिकेत ढोबळपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत आहेत, एएमडीच्या रायझेनमध्ये २००० मालिकेपासून पुढचे. ही पिढी ओळखणे सोपे आहे. आय फाइव्ह या नावापुढे जो आकडा असतो त्याची सुरुवात पाहायची. ८४०० असेल तर आठवी पिढी, ७४०० असेल तर सातवी, १०१०० असेल तर दहावी. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' या पानावर हा आकडा लिहिलेला असतो. घरातला शाळकरी मुलगाही तो शोधून देईल.

या एका आकड्यावर पुष्कळ फसवणूक चालते. "आय सेव्हन आहे, घेऊन जा" असे सांगून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा माल गळ्यात बांधला जातो. नुसते आय सेव्हन म्हणणे म्हणजे कापडाच्या दुकानात नुसते 'सुती' म्हणण्यासारखे आहे. कोणत्या गिरणीचे, कोणत्या काउंटचे, हे विचारल्याशिवाय आपला कारागीर वार फाडत नाही. २०११ सालच्या आय सेव्हन २६०० पेक्षा २०२२ सालचा साधा आय थ्री १२१०० सरस आहे.

आता दुसरी बाजू. पुष्कळदा जुना कॉम्प्युटर 'हळू चालतो' म्हणून बदलला जातो आणि हळू चालण्याचे कारण प्रोसेसर नसतेच. कारण असते जुनी फिरती हार्ड डिस्क. ती सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी माहिती वाचते, तेही सलग असेल तर. तिच्या जागी साधी साटा एसएसडी बसवली तर तोच वेग पाचशेच्या आसपास जातो आणि सुरू व्हायला पाच मिनिटे घेणारे मशीन अर्ध्या-एक मिनिटात समोर येते. सोबत रॅम ४ ऐवजी ८ जीबी केली, आतली धूळ काढली, पंखा साफ केला, तर आठव्या पिढीचा कॉम्प्युटर आणखी काही वर्षे आरामात काम देतो. सहाव्या-सातव्या पिढीचाही वेग वाढेल, पण विंडोज ११ चा प्रश्न शिल्लक राहील. तिथे पैसे घालण्याआधी विचार करावा.

काही दुखणी तर याहून किरकोळ असतात. कॉम्प्युटर सुरू केला की तारीख २००९ किंवा २०१५ दाखवतो, बँकेची साइट उघडत नाही, बिलावर भलतीच तारीख पडते. यावर काही मेकॅनिक मदरबोर्ड गेल्याचे सांगतात. बहुतेक वेळा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. घड्याळाच्या कोणत्याही दुकानात तो मिळतो. लाइट गेल्याबरोबर मशीन बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी बदलावी. ती साधारण दोन-तीन वर्षेच टिकते.

आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि दुकानदार ती कधीच विचारत नाही: या कॉम्प्युटरला काय काय जोडलेले आहे? निकाहच्या पत्रिका छापणाऱ्याकडे उर्दूसाठी इनपेजची आणि मराठीसाठी श्रीलिपीची जुनी प्रत असते. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात डिझाइन पंच करण्याचे सॉफ्टवेअर असते. ओशिवऱ्याच्या फर्निचरवाल्याकडे राउटर मशीनला जोडलेला कॉम्प्युटर असतो. अशा सॉफ्टवेअरबरोबर पूर्वी डोंगल, म्हणजे मागे लावायची चावी येत असे आणि काही चाव्या जुन्या पॅरलल पोर्टच्या असत. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याच पोर्टवर असेल तर त्याचीही तीच गत. शिवाय विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते. त्यावर डॉसच्या काळातले हिशेबाचे प्रोग्राम थेट चालत नाहीत. चाळीस-पन्नास हजारांचे नवे मशीन घरी आणल्यावर हे कळले तर धंदा आठवडाभर बसतो. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी मागच्या बाजूच्या सगळ्या वायरींचा मोबाइलवर फोटो काढावा, सॉफ्टवेअरची नावे आणि आवृत्त्या कागदावर लिहाव्यात, आणि तो कागद दुकानदारापुढे ठेवावा. जिथे जुन्या सॉफ्टवेअरला पर्याय नाही तिथे जुने मशीन इंटरनेटपासून तोडून त्याच एका कामाला ठेवावे आणि बँक-जीएसटीसाठी दुसरे घ्यावे. दोन मशीन म्हणजे उधळपट्टी असे काहींना वाटेल. लग्नसराईत छपाई अडकली की ते मत बदलते.

उलट असेही घर असते जिथे नव्या कॉम्प्युटरची गरजच नाही. ग्राहकाशी बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयवर, रिटर्न भरणारा अकाउंटंट बाहेरचा. तिथे डब्यावर केवळ धूळ बसते. केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून घेऊ नये.

घ्यायचाच ठरला तर कुठे? उपनगरांत मोठ्या कंपन्यांची दुकाने आहेत. सुटे भाग निवडून जोडून घ्यायचे असतील तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा जुना बाजार आहे. बोरिवली-अंधेरीहून थेट लोकल आहे. मुलुंड-घाटकोपरच्या माणसाने दादरला गाडी बदलावी. तिथे भाव चांगला मिळतो, पण बिघाड झाला की डबा उचलून पुन्हा तिथेच न्यावा लागतो, हे प्रवासखर्चासकट मोजावे. ऑफिसांतून निघालेले वापरलेले ब्रँडेड डेस्कटॉपही मिळतात. बिलांचे आणि हिशेबाचे काम असणाऱ्याला ते पुरे पडतात. अट एवढीच की पिढी आठवी किंवा वरची हवी, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी हवी आणि दुकानाची लेखी वॉरंटी हवी. नव्या मशीनमध्ये ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याहून कमी घेऊ नये. हिशेबाच्या कामाला वेगळे ग्राफिक कार्ड लागत नाही, रंगीत दिव्यांची पेटी तर मुळीच नाही.

भावाबद्दल एक इशारा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांनी उत्पादन वळवले आणि सामान्य गिऱ्हाइकाचा माल कमी पडला. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. म्हणून कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते लिहून घ्यावे आणि जुन्या मशीनमधली डीडीआर ४ रॅम भंगारात फुकट घालवू नये.

बिलाशिवाय घेऊ नये. कॉम्प्युटरवर १८ टक्के जीएसटी आहे. "बिल नको असेल तर एवढे कमी" हा सौदा नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तोट्याचा ठरतो. कारण बिलावर आपला जीएसटी क्रमांक असेल तर तो कर धंद्याच्या वापरापुरता क्रेडिट म्हणून परत मिळतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही सवलत नाही. कराच्या रकमेचे क्रेडिट घेतले तर त्याच रकमेवर घसारा धरता येत नाही, हेही अकाउंटंटला सांगून ठेवावे. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्यावेत. धंद्याच्या मालमत्तेसाठी एका दिवसात एका विक्रेत्याला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर आयकरात ती रक्कम किमतीत धरली जात नाही.

हप्त्याबाबत आपल्या वाचकांनी विशेष सावध असावे. 'नो कॉस्ट ईएमआय' या पाटीखाली व्याज नसते असा समज आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच. प्रत्यक्षात होते असे: बँक व्याज लावते आणि तेवढी सूट दुकान किंवा कंपनी आधी किमतीत देते. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याजाची ओळ छापूनच येते, त्या व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाईक भरतो आणि अनेकदा प्रोसेसिंग फीही लागते. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याने पाटी न वाचता ती ओळ वाचावी. आणि दुकानाला सरळ विचारावे, "ही सूट तुम्ही बँकेकरता देता, ती मला एकरकमी पैशांवर द्या." पुष्कळ ठिकाणी सगळी नाही तरी काही मिळते.

"विंडोज आणि ऑफिस टाकून देतो, त्याचे पैसे नकोत" हे औदार्यही तपासावे. कॉपीराइट कायद्याच्या ६३ ब कलमाखाली बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकते. आपला वापर धंद्याचा आहे. विंडोज आधीच घातलेले मशीन घ्यावे, किंवा परवान्याचे वेगळे बिल मागावे. ऑफिससाठी लिब्रेऑफिस मोफत आणि कायदेशीर आहे.

राहिला सर्वांत मोलाचा भाग. डबा बाजारात दुसरा मिळतो, पाच वर्षांची उधारीची वही मिळत नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ला, कलिना आणि मिठी नदीच्या काठचे तळमजले पाण्याखाली गेले, तेव्हा माल आणि मशीनबरोबर हिशेबही बुडाले. म्हणून नवे मशीन ठरवण्याच्या आधी, आजच, टॅलीचा बॅकअप, डिझाइनच्या फाइली आणि गिऱ्हाइकांचे पत्ते दोन ठिकाणी काढून ठेवावेत. एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा अकाउंटंटकडे असावी. नवे मशीन आले की त्यावर तो बॅकअप उघडून मागच्या मार्चचा ताळेबंद जुन्याशी जुळतो का पाहावे. टॅलीचा परवाना जुन्या मशीनवरून आधी 'सरेंडर' करावा, मगच नव्यावर चालू करावा. जुने मशीन महिनाभर बाजूला तसेच ठेवावे.

त्यानंतर ते काढायचे तर हार्ड डिस्क स्वतःकडे ठेवावी. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती जात नाही. जाणकार ती परत काढतो. साकीनाका-कुर्ल्याच्या गोदामांत असे डबे फोडले जातात. तांबे-सोने काढण्यासाठी बोर्ड जाळण्याचा आणि तेजाबात टाकण्याचा धूर तिथे काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. ब्रँडेड कंपन्या जुने मशीन परत घेण्याची सोय ठेवतात, तिची चौकशी खरेदीच्या वेळीच करावी. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस चालू असतील तर ते देऊ नयेत. नव्या डब्याला तेच लागतात. फक्त मॉनिटर जुन्या निळ्या व्हीजीए वायरीचा असेल तर नव्या डब्यावर तसा पोर्ट आहे का ते विचारावे, नसेल तर एक छोटा जोड घ्यावा लागतो.